मागच्या सीटवरचा तेलाचा डाग

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी दुकानात बसून वाचते आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसते. गेली बावीस वर्षं बेळगावच्या अनगोळात माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. डाग हाच माझा धंदा. हळदीचा, शाईचा, ग्रीसचा, रक्ताचा... प्रत्येक डागाला कारण असतं आणि प्रत्येक कारणावर औषध असतं, यापलीकडे माझी कशावर श्रद्धा नव्हती. मिस्टर शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळे घरात करणी-बाधा असले विषय निघतच नाहीत. तरीही लिहितेय. कारण जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, आणि मी ते माझ्या हातांनी तपासून पाहिलंय.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर आम्ही निपाणीहून एक जुनी गाडी घेतली. चौदा वर्षं वापरलेली, पण इंजिन ठणठणीत आणि आत बिस्किट रंगाच्या लेदरच्या सीटा. मी भुलले ती त्या सीटांनाच. विकणारे बाळूअण्णा, पन्नाशीचे गृहस्थ, कापडाचं दुकान, घर जुन्या पी. बी. रोडच्या आतल्या गल्लीत. किल्ली देताना ते जरा घाईत होते आणि दारातच, हळू आवाजात बोलत होते. "दुसरी किल्ली सापडंना ताई. मिळाली की फोन करतो," म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिल्याच रविवारी मी सीटा साफ करायला घेतल्या. लेदर म्हणजे शेवटी कातडंच. धुवायला गेलात तर कडक होतं, नुसतं ठेवलंत तर भेगा पडतात. आधी शिवणींमधली धूळ व्हॅक्यूमने ओढली. मग कोमट पाण्यात सौम्य साबण घालून त्याचा नुसता फेस घेतला, मऊ ब्रशने गोल गोल फिरवला आणि लगोलग फडक्याने टिपून घेतला. फडकी चहाच्या चोथ्यासारखी काळी झाली! मग दारं उघडी टाकून सावलीत वाळवलं आणि शेवटी कंडिशनर... थोडं थोडं घ्यायचं आणि मुरेपर्यंत चोळायचं. चार तास गेले, कंबर मोडली, पण संध्याकाळी सीटांवर हात फिरवला तर लोण्यासारख्या लागत होत्या.

एकच डाग त्रासदायक होता. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, हेडरेस्टच्या चार बोटं खाली. तळहाताएवढा, तेलकट, काळसर. डोक्याच्या तेलाचा. असे डाग मी उशांच्या अभ्र्यांवर रोज बघते. इतक्या खाली म्हणजे तिथं बसणारं माणूस बुटकं असणार, एवढंही मी ओळखलं. टाल्कम पावडर थापून दोन तास ठेवली, तेल ओढून घेतलं, फेसाने पुसलं, कंडिशनर लावलं. डाग गेला.

गुरुवारी तो परत आला.

"फोममध्ये मुरलेलं तेल असतं अगं," हे म्हणाले. "ऊन लागलं की वर येतं. सोपं आहे."

मलाही पटलं. असं होतंच. मी पुन्हा पावडर लावली. चार दिवसांनी पुन्हा डाग. तितकाच, तिथंच, तसाच गोल. मधल्या काळात गाडी दोनदाच बाहेर पडली होती. एकदा मी चिकोडीला एका गिऱ्हाइकाचे पडदे पोचवले, आणि एकदा पुतण्याला सांबऱ्याला विमानतळावर सोडलं. तो पुढे बसला होता. मागे कुणीच नव्हतं.

आता मी हट्टाला पेटले. बावीस वर्षांत एकाही डागाने मला हरवलेलं नाही, आणि हा कोण? मी सरळ परीक्षाच घ्यायची ठरवली. डाग पुसून त्या जागेवर पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा लावला, त्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर पुन्हा मांजरपाट. चारही बाजूंनी टेप. तेल आतून येत असेल तर आतलं कापड तेलकट होईल. शुक्रवारी सकाळी गाडी आमच्या गेटच्या आत उभी करून लॉक केली आणि किल्ली माझ्या कमरेला खोचली.

रविवारी सकाळी ह्यांना समोर उभं करून मी ते काढलं. आतलं कापड कोरं होतं. प्लॅस्टिक कोरडं. आणि बाहेरच्या मांजरपाटावर तळहाताएवढा तेलाचा गोल... मी नाकाशी धरलं. माक्याचं तेल! घरी कढवलेलं, बाजारचं नव्हे.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे. पण दुसरी निपाणीत आहे ना!"

असं म्हटल्यावर मला एकदम जोर आला. म्हणजे कुणीतरी दुसरी किल्ली लावून गाडीत येऊन बसतंय! निपाणीहून सव्वा तास प्रवास करून, गेट चढून, नुसतं डोकं टेकायला कोण येईल, हा विचार मी केलाच नाही. माणसाला कारण हवं असतं, मला ते मिळालं होतं. त्या दुपारी हे झोपले होते. मी रागाच्या भरात कडक ब्रश आणि स्पिरिट घेऊन त्या जागेला भिडले. असलं काम मी कुणालाही करू देत नाही, स्पिरिट लेदरचा रंग खातं. तासभर घासत होते. शेवटी मधोमध बोराएवढी जागा सोलवटली आणि आतलं कच्चं कातडं दिसायला लागलं, तेव्हा कुठे थांबले. माझी मलाच लाज वाटली.

सोमवारी दुकान बंद ठेवून मी एकटी गाडी घेऊन निपाणीला गेले. सकाळचे अकरा वाजले असतील. बाळूअण्णा घरीच होते. गाडी बघून त्यांचा चेहरा उतरला.

"अण्णा, दुसरी किल्ली कुठाय?" मी चपला काढायच्या आधीच विचारलं.

त्यांनी आत नजर टाकली. मग पायरीवर येऊन म्हणाले, "खोटं बोललो ताई. किल्ली घरातच हाय. आक्काच्या उशाखाली. ती देत न्हाय."

आक्का म्हणजे त्यांची आई. खुब्याचं हाड मोडल्यापासून आठ महिने अंथरुणाला खिळलेली. चौदा वर्षं त्या गाडीत मागं डावीकडे तिची जागा ठरलेली. गाडी विकल्याचं तिला सांगायचा धीर बाळूअण्णांना झाला नव्हता. तिला वाटतंय गाडी शेडमध्येच आहे, असं ते सांगत होते. तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"बेळगावची बाई आली व्हय रं? आत येऊ दे तिला."

बाळूअण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मी कुठली हे त्या घरात फक्त त्यांना ठाऊक होतं.

आतल्या खोलीत खिडकीजवळ कॉट होती. आक्का अगदी लहानशी, कुशीवर निजलेली. केसांना चपचपीत तेल. मी दारातूनच वास ओळखला, माक्याचाच. कॉटशेजारी सून, शारदावहिनी, कापसाची वाटी घेऊन बसली होती.

"काल लई घासलंस गं," आक्का म्हणाली.



"कालपास्नं हेच चाललंय बघा," शारदावहिनी म्हणाली. "एक बाई डोकं घासती म्हणून वरडत होत्या. दुपारपर्यंत काय नव्हतं. संध्याकाळी बघितलं तर हे असं!" तिने आक्काचे केस हलकेच बाजूला केले. डोक्याच्या मागच्या बाजूला, मधोमध, बोराएवढी जागा सोलवटून लाल झाली होती. "डॉक्टर म्हणाले, पडून पडून झालं असेल."

"पडून कशानं?" आक्का चिडली. "मी कवा उताणी निजतो? ही घासती म्हनून झालंय."

मी तरीही धीर सोडला नाही. खोटं कशाला सांगू, मनात हाच विचार की कुणीतरी हिला सांगतंय. मी कॉटजवळ खुर्ची ओढली. "आक्का, गाडी कुठं कुठं गेली सांगा बघू मला."

"चिकोडीला गेलतो. तू पडदं दिलंस आणि गाडी लई वेळ उन्हात ठेवलीस. जीव नुसता उकडून गेला. मग एकदा इमान बघितलं. केवढं खाली येतंय ते! पुढं एक पोरगा बसलाता, त्यो तुला काकी म्हनत हुता." दम घ्यायला ती थांबली. "परवा मात्र तोंडाम्होरं कापड बांधलंस. तवा कायबी दिसलं न्हाय."

मांजरपाटाचं ह्यांच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. दुकानातल्या बाईलासुद्धा नाही.

तिने चाचपडत माझा हात धरला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ह्योच हात." मग अगदी समजावणीच्या सुरात, जशी आई लेकीला सांगते तशी... "त्यो डाग न्हाय पोरी. त्यो मी हाय."

मग तिने मान न वळवता हाक मारली. "बाळू. गाडी इकलीस व्हय रं?"

बाळूअण्णा दारात उभे होते. एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा खाली बघत होता. "व्हय आक्का."

"इकलीस ते इकलीस. मला सांगायचं होतंस की. मी काय नको म्हटली असती? माझं एकदा शेवटचं बसणं ऱ्हाऊन गेलं, तेवढंच."

त्या क्षणी माझ्या डोक्यातली भीती, शंका, सगळं बाजूला झालं. कारण काय ते नंतर शोधू, पण काय करायचं ते मला लख्ख कळलं. मी उठले. "अण्णा, हिला गाडीत बसवायचं. आत्ता."

"छे छे ताई! खुबा हाय तिचा. डॉक्टर..."

"डॉक्टरांना फोन लावा. मी बोलते."

बोलले. ते आधी नाही म्हणाले, मग आढेवेढे घेत म्हणाले, धक्का लागू देऊ नका, अर्ध्या तासाच्या वर नको. शेजारचे दोघे आले. आक्काला चादरीसकट खुर्चीवर घेतलं, खुर्ची गाडीच्या दारापर्यंत नेली आणि शारदावहिनीने आधी आत सरकून तिला अलगद ओढून घेतलं. दोन्ही बाजूंना उशा लावल्या. तिने डोकं मागे टेकवलं. बरोबर त्या जागेवर. केसाएवढाही फरक नाही... मी डोळ्यांनी पाहिलं. सोलवटलेली जागा सोलवटलेल्या जागेवर बसली, आणि आक्काने "हां..." असा एवढा मोठा सुस्कारा सोडला की शारदावहिनीला हुंदका फुटला.

मी गाडी चालवली, बाळूअण्णा शेजारी. हायवेने तवंदी घाटापर्यंत, हळू हळू. "काच खाली घे," आक्का म्हणाली. वारं आत आलं, उसाचा, धुराचा, डिझेलचा वास आला. ती बघत होती नुसती. मध्येच म्हणाली, "बाळू, ह्यो ढाबा कवा झाला रं?" बाळूअण्णा सांगायला लागले आणि मग थांबलेच नाहीत. कुणाचं शेत कुणी घेतलं, कुणाची पोरगी कुठं दिली, आठ महिन्यांचं सगळं सांगत होते. घाटाच्या वर मी गाडी बाजूला घेतली. दहा मिनिटं आम्ही चौघं खालचा रस्ता बघत बसलो.

परत आल्यावर कॉटवर ठेवताच तिने उशाखालून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "आता ने," म्हणाली. "आणि जपून चालव. ब्रेक लई जोरात मारतीस."

पुढच्या रविवारी मी मऊ फडकं नुसतं ओलं करून, आक्का बसल्यावर पुन्हा उमटलेल्या त्या डागावरून फिरवलं. साबण नाही, पावडर नाही. एका हातात डाग निघाला. सोलवटल्या जागेवर कंडिशनर लावताना मात्र मी फुंकर घालत होते, का ते मला विचारू नका. डाग पुन्हा आला नाही. बाळूअण्णांचा फोन आला, आक्काच्या डोक्याची जखम चार दिवसांत भरली म्हणून.

मी हे सगळं ह्यांच्यासमोर अनेकदा मांडलंय. वास, कापड, वेळा, जखम. ते वहीत लिहून काढतात, खोडतात. एकेका गोष्टीला कारण सापडतं, पण सगळ्यांना मिळून एक कारण सापडत नाही. मलाही नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. मी आता हसणार नाही.

आक्का अजून आहे. तिला आता गाडीतलं काही दिसत नाही म्हणे. म्हणून दर रविवारी मी फोन करते आणि आठवड्यात गाडी कुठं कुठं गेली ते सांगते. परवा खानापूरला जाऊन आल्याचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या जाग्यावर कोन बसलंतं?"

"कुणी नाही आक्का. मी तिथं कुणाला बसवतच नाही."



"असं करू नगं," ती म्हणाली. "बसव की कुनालातरी. माणूस बसलं की कातडं मऊ ऱ्हातंय."