मास्टर प्रत

मकरपुऱ्याच्या वाटेवर त्याचं एका खोलीचं दुकान आहे. सीडी छापणाऱ्या कारखान्याला साच्यासाठी लागणारी मास्टर प्रत आणि सीडीवरचं चित्र तो तयार करून देतो. नाव मी विचारलं नाही. घरचं मराठी आणि बाजारातलं गुजराती मिसळून तो बोलायचा.

पत्नीच्या वर्षश्राद्धाला तिच्या भजनी मंडळात तिच्या आवाजातली भजनं वाटायची होती. तिथल्या बायका अजून सीडीच लावतात. तिचा फोटो मी चित्राच्या मधोमध बसवून नेला होता. त्याने त्यावर सीडीच्या मापाची एक पारदर्शक चकती ठेवली, तर मधलं भोक नेमकं कपाळावर आलं.

"बेनना जरा बाजूला बसवू, काका," म्हणत त्याने फोटो सरकवला.

मग हेडफोन एकाच कानाला लावून तो ऐकू लागला. दुसऱ्या भजनाआधी थांबला. रेकॉर्डिंग मीच फोनवर केलं होतं, आणि तिथे ती मला म्हणत होती, "अहो, ठेवा तो फोन, चहा निवला तुमचा."

"भजन तो बधांचं, सगळ्यांचं," तो म्हणाला. "आ बोलणं तुमचं. वाटायचंय? एकदा साचा बनला की पछी काही बदलत नाही."

तो खुर्ची फिरवून खिडकीबाहेर बघत बसला.

"कापा," मी शेवटी म्हटलं.

त्याने कापून ऐकवलं. जोड कुठे आहे ते कळेना, आणि तेच मला सहन होईना.

"बोलण्याआधी तिनं श्वास घेतलाय, तेवढा राहू द्या."

त्याने ठेवला.

आता मंडळात सीडी लागली की त्या श्वासाला बायका टाळ उचलतात.