भावोजींचं चारचं जेवण

ज्या देशात डोंगर औषधालाही सापडत नाही, तिथे गिर्यारोहणाचा दोर, हिमवादळात लावायचा तंबू आणि बर्फावर चालायचे बूट घरात बाळगून असलेला मनुष्य एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. भावोजी फेल्डहोवन या डच गावी चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहेत. तिथे म्हणे ते केसाच्या जाडीइतकीही चूक खपवून घेत नाहीत. घरी मात्र त्यांचा खाक्या निराळा: सामान आधी, गरज मागाहून. एकदा जुन्या वस्तूंच्या दुकानातून मासे पकडायची काठी घेऊन आले. स्वतः अंडंही खात नाहीत. ताईने विचारलं, "हिचं काय करायचं?" तर म्हणाले, "घेऊन बसायचं. डच लोक बसतात ना?" आणि खरोखरच कालव्याकाठी पाण्यात गळ न टाकता दुपारभर बसून आले. त्यांच्याशी बोलून उठलं की नक्की काय ठरलं ते मला आजवर कळलेलं नाही. मी राहते त्या डीमनहून आगगाडीने त्यांच्याकडे निघाले, तेव्हा "आइंडहोवन स्टेशनवर तुझी सायकलची सोय केली आहे" असं कळवलं. सायकल होती. किल्ली त्यांच्या खिशात, ऑफिसात.

पण त्यांची सगळ्यात अवघड तऱ्हा म्हणजे दुपारी चारला जेवायची. तिचं कारण मात्र आम्हाला ठाऊक होतं. पुण्यात त्यांच्या आईंचा विसर वाढत चालला होता. दिवस, माणसं, सगळ्याची गल्लत. एकच गोष्ट पक्की राहिली होती: मुलगा जेवल्याशिवाय घास घ्यायचा नाही. तिकडे रात्री साडेआठला पान वाढलं की सांभाळणाऱ्या बाई फोन लावायच्या, इकडे चार वाजता भावोजी डबा उघडून कॅमेऱ्यासमोर जेवायला बसायचे, तेव्हा कुठे आई भाताला हात लावायच्या. एकदा मीटिंग लांबली आणि आई उपाशी झोपल्या. तेव्हापासून भावोजी मीटिंगमध्येही डबा घेऊन जायचे.

अशात एका जानेवारीत शनिवारी बर्फ पडला आणि भावोजींच्या त्या बुटांचं भाग्य उजळलं. पायाला टेनिसच्या रॅकेटी बांधल्यासारखे ते बूट खोल बर्फात पाय रुतू नयेत म्हणून असतात. आमच्या बर्फातून गवत डोकावत होतं. "आधी माळरानावर चालायचं, मग पलीकडच्या ब्रुअरीत गरमागरम जेवायचं. चारच्या आत," भावोजींनी जाहीर केलं, आणि ताईला नि मला रॅकेटी बांधून बाहेर काढलं. थंडीने बॅटरी उतरू नये म्हणून त्यांचा फोन स्वेटरच्या आत, पोटाशी. माझ्या फोनवरच्या नकाशावर त्यांचा विश्वास नव्हता. तासाभराने समोर रॅकेटींचे ठसे दिसले तेव्हा ते खूश झाले. "बघ, इकडे आणखी कुणी जाणकार येऊन गेलेत." आम्ही त्या जाणकारांचा माग काढत बरंच चाललो. ठसे आमचेच होते. शेवटी कुत्रा फिरवायला आलेल्या एका डच आजींनी, साध्या बुटांत, आम्हाला रस्ता दाखवला. तोवर ताई हवालदिल झाली होती. "आज आईंचं जेवण चुकणार," ती सारखी म्हणत होती.

ब्रुअरीत पोचलो तेव्हा चार वाजतच आले होते. वाढणारी मुलगी हसून म्हणाली, बिअर आहे, पण स्वयंपाकघर पाचला सुरू होतं. भावोजींनी आपल्या मोडक्या डचमध्ये तिला सांगितलं, "माझी आई भुकेली आहे." तिने काळजीने आमच्या मागे पाहिलं. "कुठे आहेत त्या?"

"पुण्यात."

ती गोंधळली, आम्ही ओशाळलो, पण भावोजींच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं. आत नोकरमंडळी कामाआधीचं जेवण उरकत होती. त्यांच्यातलंच बटाटा आणि पालेभाजी घोटलेलं ताटभर स्टॅम्पॉट तिने आणून ठेवलं, बाजूला पाव आणि चीजचा हा मोठा तुकडा. एवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर आई दिसल्या, पुढ्यात वाढलेलं पान. "आई, हे बघ, जेवतोय," भावोजी म्हणाले. आई बराच वेळ पाहत राहिल्या. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "हे गृहस्थ कोण? लांबून आलेले दिसतात. त्यांना वाढलं का?"

भावोजींनी लोकरी टोपी काढली, केस सारखे केले. तरी आईंना ओळख पटेना. ताई सांगायला पुढे झाली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं.

"वाढलंय मला, भरपूर वाढलंय," ते म्हणाले. "तुम्ही सुरू करा."

"छे, आधी पाहुणे."

भावोजींनी मोठा घास घेतला. आईंनी तो नीट पाहिला आणि भात कालवायला घेतला. मला रडू आवरेना, आणि भावोजी मात्र ताट संपेपर्यंत जेवत राहिले, "मीठ बरोबर आहे ना?" या आईंच्या प्रश्नाला मान डोलावत.

पुढे आई होत्या तोवर भावोजी रोज चार वाजता त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जेवले. आता ते इतरांसारखे सातला जेवतात, आणि मला त्यांचं ते शहाण्यासारखं वागणं बघवत नाही.