मचाणावरून दिसलेलं पाडस

ज्या देशात झाडंसुद्धा ओळीत उभी राहतात, तिथे माणसं शिकार कशाची करत असतील, हे मला कळत नव्हतं. आइंडहोवनच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या डच सहकाऱ्याने अभ्यास करून, परीक्षा देऊन शिकारीचा परवाना मिळवला होता. एका जानेवारीत तो मला सोबत घेऊन गेला.

फेलुवेचं ते जंगल सरकारी. रविवारी आम्ही तिथे सायकली दामटून पॅनकेक खायला जायचो. त्या सकाळी मात्र हिरव्या कोटातले पाच जण टोप्या सारख्या करत उभे होते. ध्वजवंदन तेवढं राहिलं होतं. त्यांचा प्रमुख, एक निवृत्त दंतवैद्य, सगळ्यांना ठाऊक असलेले नियम कागदावरून वाचत होता.

"आधी पाडस, मग आई. आई आधी पडली तर पाडस मागे उरतं आणि हाल होऊन मरतं. असं करणाऱ्याला या गटात जागा नाही." मग माझ्याकडे वळून, "आणि पाहुणे, तुम्ही तोंड उघडायचं नाही."

सहकारी दोन मोसम रिकाम्या हाताने परतला होता. आज मोसमाचा शेवटचा दिवस. गटातल्या त्याच्या जागेवर डोळा ठेवून असलेले बरेच होते. "आज नाही तर संपलं," शिडी चढताना तो म्हणाला.

मचाणावर तास-दीड तास गेला. पायांची बोटं आपली आहेत की नाहीत, याची मी बुटातल्या बुटात खात्री करत होतो. मग पाइनच्या झाडांतून हरणी बाहेर आली. एकटी. सहकाऱ्याने बंदूक खांद्याला लावली. मी दुर्बिणीतून पाहिलं, तर तिच्या मागच्या वाळक्या नेच्यांत काहीतरी तपकिरी हललं. कान असावा. पान असावं.

"अरे थांब, पिल्लू आहे!"

हे मी मराठीत ओरडलो. त्याला शब्द कळला नाही, पण बोट ट्रिगरवरून निघालं. हरणी दोन उड्यांत गेली. तिच्या मागून काही गेलं का? मी पाहत होतो, तरी सांगता येत नाही.

"काय होतं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"पाडस. बहुतेक."

"बहुतेक?"

खाली प्रमुखाने सगळं ऐकून घेतलं. पाडस दिसल्यामुळे गोळी आवरली असेल तर तो सहकाऱ्याचा संयम. पाहुण्याच्या बडबडीने हरणी पळाली असेल तर तो पाहुणा आणणाऱ्या सहकाऱ्याचाच नालायकपणा. आपली शिकार चुकली, पण जागा अजून अधांतरी आहे, हे सहकाऱ्याला कळत होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"पाहुणे, पाडस होतं?"

"होतं," मी म्हणालो. 'बहुतेक' तोंडापर्यंत आलं आणि मी ते गिळलं.

प्रमुखाने सहकाऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या मोसमात भेटू."

परतीच्या वाटेवर गाडी सहकारी चालवत होता. आर्नहेम मागे पडल्यावर म्हणाला, "खरंच होतं ना रे?"

मी डोळे मिटून तो तपकिरी तुकडा आठवून पाहिला. आता त्याला कान होते, ओलं नाक होतं, पापण्यासुद्धा होत्या. इतकं स्पष्ट मला दुर्बिणीतून नक्कीच दिसलं नव्हतं.

"होतं," मी पुन्हा म्हणालो. त्याने मान डोलावली आणि हीटर वाढवला.