वाणात गेलेलं मनातलं पान

मी अतिशय निर्मळ मनाची बाई आहे, असं माझ्या पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर छापलेलं आहे. तो मजकूर मीच लिहून दिला होता.

पुस्तक लहान मुलांसाठी आहे. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, तेव्हा वाटलं की मुलांना शुद्धलेखन पुष्कळ शिकवलं, आता जरा चांगलं वागायला शिकवावं. म्हणून ‘आंब्याशेजारचं जांभूळ’ ही गोष्ट लिहिली. एक जांभळाचं झाड असतं. शेजारी आंबा. सगळी पोरं आंब्याखाली, जांभळाखाली चिटपाखरू नाही. जांभूळ जळून जळून अर्धं वाळतं आणि शेवटी त्याला समजतं की आपणही काही कमी नाही आणि आंबाही काही वाईट नाही. गोष्ट संपली की ‘मनातलं पान’ येतं. मुलांनी त्यावर लिहायचं: ‘मला कुणाचा हेवा वाटतो? का वाटतो? त्या व्यक्तीतल्या तीन चांगल्या गोष्टी.’ कल्पना माझीच. (मागच्या कव्हरवर तेही छापलंय.)

आता मनीषाबद्दल सांगते. मनीषा माझी धाकटी जाऊ. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा दोघा भावांना दोन फ्लॅट मिळाले. आम्हाला चौदावा मजला, त्यांना पंधरावा. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, पण वरची चिठ्ठी तिलाच कशी आली, हे मला अजून उलगडलेलं नाही! सासूबाई जेवायला माझ्याकडे असतात आणि गप्पा मारायला तिच्याकडे जातात. तिची साडी दिवसभर एकाही पिनेशिवाय जागेवर राहते. आणि तिची नऊ वर्षांची सई म्हणजे माझा जीव की प्राण. मला मोठी आई म्हणते. पुस्तक मी तिलाच अर्पण केलंय. पण रात्री झोपायला जाते ती पंधराव्या मजल्यावरच ना!

सगळ्यांत मोठं दुखणं म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू. दर वर्षी तिच्याकडे रांग आणि माझ्याकडे तिच्या रांगेत उभं राहून पाय दुखले म्हणून टेकायला आलेल्या चारजणी. कारण एकच, वाण! गेल्या वर्षी मी साबणाच्या डब्या लुटल्या, तिने स्टीलची गाळणी. आठ दिवस अख्ख्या बिल्डिंगमध्ये गाळण्यांचं कौतुक चाललं होतं.

यंदा मी ठरवलं, वाण म्हणून पुस्तकच द्यायचं! घरोघरी संस्कार जातील. (आणि पलंगाच्या पेटीतले तीनशे पुस्तकांचे गठ्ठे थोडे हलतील.) शिवाय माझ्याकडे सगळ्या बायकांना बोलावणं होतं, सावंत आजींनाही. नवरा गेल्यापासून त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावत नव्हतं. पुस्तकात माणुसकी लिहायची आणि दारात अडवायचं, एवढी काही मी वाईट नाही.

एकतीस बायका आल्या! एकतीस! मी हवेत. अत्तर लावलं, तिळगूळ दिला आणि हातात पुस्तक ठेवलं.

“अय्या, पुस्तक?” पहिलीने ते उलटसुलट करून आत काही आहे का ते पाहिलं.

“वाचायचं असतं,” मी म्हटलं.

“हो हो, छान आहे. पण मराठीत आहे ना? आमच्या आरवला मराठी बोललेलं समजतं, वाचायचं म्हणजे प्रॉब्लेम होतो.”

दुसरीने तिच्या कानात विचारलं, “वर मनीषाकडे काय आहे गं?” आणि उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं, “झाकणाची काचेची बरणी!” त्यासरशी सहाजणी उठल्या.

शेवटी मनीषा आली, सईला घेऊन. “ताई, मस्त कल्पना हं! मला सुचलीच नसती,” ती म्हणाली. ही बाई टोमणासुद्धा मारत नाही, म्हणजे मी तिच्यावर चिडायचं तरी कशावरून? मी तोंडभर हसून तिच्या हातात पुस्तक ठेवलं. गाल दुखले.

सगळ्या गेल्यावर मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर हात फिरवला, तर स्टूल रिकामं. “अहो, इथलं माझं पुस्तक कुठे गेलं?”

“ते होय?” आमचे हे बरणी निरखत म्हणाले. (एक बरणी आमच्या घरातही पोचली होती!) “तू तीस काढून ठेवली होतीस, आल्या एकतीस. बाकीची पलंगाच्या पेटीत आणि पलंगावर सहा बायका बसलेल्या. त्यांना काय उठा म्हणू? मग स्टुलावरचं दिलं गठ्ठ्यात सारून.”

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. या माणसाने आपणहून केलेली ही पहिली मदत!

कारण ती प्रत साधी नव्हती. प्रेसमधून पहिली प्रत आली, तेव्हा मुलांच्या मोठ्या अक्षराला ‘मनातल्या पाना’वरच्या ओळी पुरतात का, हे मी स्वतः लिहून पाहिलं होतं. ओळी पुरल्या नव्हत्या. हेवा कुणाचा, तर मनीषाचा. का, याला मी सात कारणं दिली होती, सातवं समासात आडवं. आणि तीन चांगल्या गोष्टी? ‘एक: उंच आहे, पंखे पुसायला बरी. दोन: सई (पण ही तिची धरायची का?). तीन:’ आणि पुढे कोरं. दहा मिनिटं विचार करूनही तिसरी सुचली नव्हती.

आणि हे पान आता बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी घरी होतं. माझं नाव जाईल ते जाऊ दे, पण सईने वाचलं तर? आपली मोठी आई आपल्या आईबद्दल असं लिहिते, हे त्या पोरीला कळलं तर ती माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवेल का?

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच पिशवी घेऊन निघाले. तीसजणींकडे जायची माझी तयारी होती. एकतिसावीकडे, म्हणजे पंधराव्या मजल्यावर, जायची नव्हती. बहाणा तयार होता. “छपाईत चूक झालीये हो. एक पान उलटं लागलंय. जरा बघू?”

पहिल्याच दारात प्रश्न आला, “मग बदलून बरणी मिळेल का?”

दुसऱ्या दारात पुस्तकच नव्हतं. “वहिनी, ते काल रात्रीच माहीमला गेलं. माझ्या बहिणीकडे आज हळदीकुंकू आहे, तिला वाण कमी पडत होतं.”

“अहो, मी सही करून दिलेलं पुस्तक!”

“हो ना, सहीमुळे अजून भारी वाटलं तिला. म्हणाली, नवंकोरं दिसतंय.”

बाराव्या मजल्यावर सावंत आजींनी दुसऱ्या बेलला दार उघडलं. डोळे लाल. “काय झालं आजी?”

“काय नाय गो बाय. तुझा पुस्तक वाचलंय. त्या जांभळाक कोण इचारी ना, तेव्हा माका रडूक इला.”

माझ्या अख्ख्या लेखिकापणातला हा सर्वांत मोठा क्षण! आणि मी काय म्हणाले? “आजी, ते जरा द्या बघू, चुकीचं छापलंय.”

“चुकीचा असू दे. मी देवचंय नाय!” आजींनी पुस्तक छातीशी धरलं. शेवटचं पान त्यांनी लांबूनच दाखवलं. कोरं होतं. मी लगेच पुढच्या मजल्याकडे पळाले. आजींशी दोन शब्द बोलायला हवे होते, हे मला सातव्या मजल्यावर आठवलं.

दुपारपर्यंत नऊ घरं झाली आणि तेवढ्यात बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी उत्साहाने टाकलं, ‘ताईंच्या पुस्तकात चूक आहे. सर्वांनी पुस्तके परत करावीत.’ खाली बावीस अंगठे!

वर्गणी मागितली की दार न उघडणारी ही बिल्डिंग. पण पुस्तक परत करायचं म्हटल्यावर जी काय शिस्त दिसली! संध्याकाळी पाचच्या सुमाराला दार उघडलं, तर पायपुसण्यावर पुस्तकांची चळत. वर एक चिठ्ठी, ‘नवीन छापलं तर घाई करू नये.’ मी तिथेच फतकल मारून एकेक पुस्तक उघडलं. सगळी ‘मनातली पानं’ कोरी, काहींवर हळदीकुंकवाची बोटं. माझी प्रत त्यात नव्हती.

आता पंधरावा मजला. लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले. तेवढाच उशीर.

दार मनीषानेच उघडलं. मला बघून तिने आधी मागे वळून सईकडे पाहिलं. म्हणजे झालं सगळं.

“मनीषा, ते पुस्तक... छपाईत जरा...”

“ताई, ते तुमचंच आहे. सईच्या हातात आहे. या आत.”

सई खिडकीत पाय पसरून बसली होती. मांडीवर माझी प्रत, हातात लाल पेन. “मोठी आई!” ती ओरडली. “तू आम्हाला कसं भरायचं ते दाखवायला स्वतः भरून दिलंस ना? सॅम्पल! पण तू तीन नंबर सोडलास. म्हणून तुला तीनपैकी दोन. पंख्याचं पण मी अर्धं कापणार होते, आई म्हणाली राहू दे.”

मी मनीषाकडे बघितलंच नाही. जमिनीकडे बघत म्हणाले, “चुकलं गं माझं. खूप चुकलं.”

मनीषा स्टूल ओढून समोर बसली. “काल संध्याकाळी वाचलं. असा राग आला म्हणून सांगू! चौदाव्या मजल्याकडे बघायचं नाही, असं ठरवलं. रागारागात घरातले चारही पंखे पुसले.”

“अगं...”

“आणि मग पुन्हा वाचलं. ताई, सात कारणं! कुणाशीही बोलता येतं, चुकलं तर पटकन सॉरी म्हणते, म्हाताऱ्या माणसांना हसवते. माहेरी नाही, सासरी नाही, माझ्यात एवढं काही आहे असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं हो. तुम्ही तर लिहून दिलंत. समासातसुद्धा!”

मला हसूही फुटेना आणि रडूही. सईने पान उलटलं. “आणि आईने पण भरलंय. बघ!”

मागच्या कोऱ्या पानावर मनीषाने स्वतः ओळी आखून लिहिलं होतं. हेवा कुणाचा? ताईंचा. का? सई दुधीची भाजी फक्त ताईंच्या हातची खाते. वर्गात सांगते, माझी मोठी आई लेखिका आहे. तिला ताप आला की आधी चौदाव्या मजल्यावर जायचं असतं. आणि खाली तीन चांगल्या गोष्टी. ‘एक: सावंत आजींना बोलवायचं धाडस आमच्यात कुणी केलं नव्हतं, ताईंनी केलं. दोन: सईवर त्या स्वतःच्या मुलीसारखी माया करतात. तीन: मनात असेल ते लिहून टाकतात.’ सईने खाली लाल पेनाने तीनपैकी तीन दिले होते, वर एक चांदणी.

माझे डोळे भरून आले. मनीषाने मला पाणी दिलं आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलं, ‘ताईंच्या पुस्तकात काहीही चूक नाही. मी आणि सईने वाचलंय, फार सुंदर आहे. ज्यांना हवं त्यांनी माझ्याकडून न्यावं.’ तासाभरात माझ्या पायपुसण्यावरची चळत वर गेली आणि संपलीसुद्धा. माझं पुस्तक न्यायला बायका पंधराव्या मजल्यावर रांग लावून उभ्या! (मी खरंच बदलले आहे. मी फक्त एकदाच जिन्यातून डोकावून रांग मोजली.)

बाराव्या मजल्यावर जाऊन सावंत आजींकडे चहा प्यायले, जांभळाबद्दल पोटभर बोलले. घरी आले, वरून आणलेली माझी प्रत उघडली आणि राहिलेली तिसरी ओळ भरायला बसले. या वेळी विचार करावा लागला नाही. लिहिलं, ‘तीन: मनाने मोठी आहे.’ पुढे ‘माझ्यापेक्षा’ असंही लिहायचं होतं, पण ओळीत जागा पुरली नाही.

(पानावरच्या ओळींची आखणी माझीच होती. जागा भरपूर होती.)