पंचाचा शर्ट

सुरतेत प्रतिष्ठित व्हायला कापडाची मिल लागते, हिऱ्यांचा कारखाना लागतो, निदान चार मजली घर तरी लागतं. भाईदासला यातलं काही लागलं नाही. त्याची इस्त्रीची लारी, म्हणजे हातगाडी, पोलीस चौकीच्या भिंतीला लागून होती, तेवढ्यावर भागलं. चौकी कोणती, ते विचारू नये.

शिरपूरकडून तो तरुणपणी कापड विणायच्या लूमवर कामाला आला होता. खडखडाटात अर्धे कान गमावल्यावर त्याने इस्त्री हाती धरली. चौकीतल्या खाकी वर्द्या त्याच्याकडेच यायच्या. आणि झडतीसाठी त्याच भागातले दोन प्रतिष्ठित, निष्पक्ष पंच हवेत, असं कायदा म्हणतो. आता प्रतिष्ठा शोधत जमादारांनी उन्हात कुठे हिंडायचं? त्यांनी खिडकीतून हाक मारली की भाईदास हजर. दुसरा पंच म्हणून नाक्यावरचा एखादा रिक्षावाला मिळायचा. शेजारी उसाच्या रसाची लारी लावणारा गणपत या मानासाठी किती वर्षं झुरत होता, पण त्याचे हात चिकट, कागदाला डाग पडायचे.

भाईदासच्या लारीच्या दांडीला एक पांढरा शर्ट कायम लटकलेला असे. तो गिऱ्हाइकाचा नव्हे, पंचाचा. हाक आली की बनियनवर तो चढवायचा, वरचं बटण लावायचं आणि आत जायचं. जमादार कागद सरकवत म्हणायचे, "भाईदास, सही करी नाख." भाईदास करून टाकायचा. काय सापडलं, कोणाकडे सापडलं, हे विचारणं त्याला चोंबडेपणाचं वाटे.

मात्र झडतीची रीत त्याच्याइतकी पाठ कोणाला नव्हती. कागदावर ती दर वेळी तशीच असायची: अमो पंचो रूबरू, म्हणजे आम्हा पंचांसमक्ष, सामान उघडलं, बाईमाणसाची झडती बाईपोलिसानेच घेतली, वस्तू पंचांना दाखवली, सील केली, यादीची नक्कल दिली. नव्या कायद्याने तर सगळ्याचं चित्रीकरणही आलं. फक्त चौकीतला मोबाइल नेमका त्या वेळी चार्जिंगला असायचा. रीत पाळली गेली असं भाईदास वर्षानुवर्षं लिहून देत होता. ती पाळताना कशी दिसते, हे तेवढं त्याने पाहिलं नव्हतं.

घरी मात्र रोज जेवताना तो बायकोला, मंगलाबाईला, कायदा वाढायचा. "पोलीसनी थैली मांगी ते घाबरानं नई," तो सांगायचा. "पंच बलाव म्हनानं." मंगलाबाई भाकरी थापता थापता हुंकार द्यायची. आपला नवरा वकील व्हायचा, चुकून इस्त्रीवाला झाला, असं तिला मनापासून वाटे.

गेल्या उन्हाळ्यात ती भाच्याच्या लग्नाला नवापूरकडे माहेरी गेली. परतताना भावाने घाण्याचं शेंगदाणा तेल दिलं. द्यायला भांडं नव्हतं, पण हळदीच्या रात्री पाहुण्यांनी रिकाम्या केलेल्या इंग्लिश दारूच्या बाटल्या ढीगभर होत्या. दोन बाटल्या घासून, तेल भरून, बुचं घट्ट लावून त्याने पिशवीत ठेवल्या. तिकडे ते तेल होतं. हद्द ओलांडून दारूबंदीच्या राज्यात शिरल्याबरोबर ते काय झालं, हे त्या दोघा बहीणभावांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी भाईदास एक वर्दी संपवत होता. खिडकीतून हाक आली, "आवी जा, भाईदास. दारूनो केस छे." त्याने शर्ट चढवला, बटण लावलं, दारातल्या टेबलावरच्या कागदावर वळणदार सही केली आणि वळला. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला आणि त्याचे उरलेसुरले कान टवकारले.

"हात मत लगाना! पहले लेडीज पोलीस बुलाओ! मेरा आदमी पंच है, उसको सब कायदा मालूम है!"

भाईदास आत धावला. मंगलाबाई कमरेचा बटवा दोन्ही हातांनी धरून भिंतीला टेकून उभी होती. समोर जमादार, टेबलावर दोन बाटल्या. बाईपोलीस चौकीत औषधालाही नव्हती. नवऱ्याला पाहून मंगलाबाईचा चेहरा उजळला. "उनात का! सांगा यास्ले, हाई गोडं तेल शे. यास्नी उघाडीसन बी दखं नई!"

जमादारांनी बाहेरचा कागद मागवून तिच्यापुढे धरला. "तारा पंचे तो सही करी दीधी."

मंगलाबाईला अक्षर येत नव्हतं, पण ही सही तिच्या ओळखीची होती. गॅसच्या पुस्तकावर तीच होती. तिने कागद पाहिला, मग नवऱ्याच्या हातातलं पेन पाहिलं.

"तुम्हीन दखं का?" तिने हळू आवाजात विचारलं.

पाहिलं म्हणावं तर बायको दारूच्या गुन्ह्यात आत जाते. नाही म्हणावं तर चौकीतला मान जातो, आणि आजवरची प्रत्येक सही खोटी ठरते. भाईदासला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

"साहेब, मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला. "बाटली उघडा. माझ्यासमोर."

"इतनी सही में कभी नहीं बोला," जमादार खरोखरच दुखावल्या आवाजात म्हणाले. पण पंचच उलटल्यावर इलाज नव्हता. बूच निघालं आणि खोलीभर शेंगदाण्याचा वास पसरला. जमादारांनी बोट बुडवून चाखलं, कागद फाडला आणि आपण गंमत करत होतो असं जाहीर केलं. एक बाटली तपासणीसाठी ठेवून घेतली. तपासणी त्यांच्या घरच्या कढईत व्हायची होती.

नवराबायको दाराकडे निघाले. दारापाशी बाकावर पलसाण्याच्या डाइंग मिलमधला एक कामगार सकाळपासून बसला होता. चिंधा त्याचं नाव. सगळं त्याने ऐकलं होतं.

"भाऊ," तो हात जोडून म्हणाला, "मनी थैली बी दखा ना."

थैली त्याच्या पायाशी होती. तिला दोरी, दोरीवर लाखेचं सील, सीलखाली चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर सकाळची, चहा पिता पिता केलेली भाईदासची सही. आत काय होतं, हे भाईदासला ठाऊक नव्हतं.

मंगलाबाईने पिशवी खाली ठेवली आणि ती चिंधाशेजारी बाकावर बसली.

भाईदास परत टेबलापाशी गेला. "साहेब, हेही मी पाहिलं नव्हतं."

जमादारांनी वाद घातला नाही. शहरात प्रतिष्ठित माणसांचा काय तोटा? त्यांनी कोरा कागद काढला आणि खिडकीतून हाक मारली, "गणपत! आवी जा!"

गणपत धावतच आला. हात त्याने धुतले होते. येता येता भाईदासच्या दांडीवरून कुणा गिऱ्हाइकाचा ताजा इस्त्री केलेला पांढरा शर्टही त्याने चढवला होता, वरचं बटण लावून. थैलीकडे न बघता तो टेबलापाशी गेला आणि पेन उचललं.

"सही कोठे करू, साहेब?"

भाईदासने त्याचं मनगट धरलं.

"पहिले थैली दख," तो म्हणाला.