एका कॅप्टनची निवृत्ती आणि दोन नवस

आमच्या घरात विमान चालवत होते हे, पण निवृत्त आधी झाले मी. माझ्याबरोबर सासूबाईही झाल्या. ह्यांनी ठरवलं होतं की पंचेचाळिशी गाठायच्या आत नोकरी सोडायची आणि किहीमला नारळाच्या वाडीत राहायचं. घर मांडायला आम्ही दोघींनी पुढे व्हायचं. "सहा महिन्यांत मी आलोच," असं भाऊच्या धक्क्यावर आम्हाला लाँचमध्ये बसवताना म्हणाले. त्या सहा महिन्यांची तीन वर्षं झाली.

ती वाडीही ह्यांनी वरूनच पसंत केलेली. मंगळूर-बेळगावकडून मुंबईला येताना ह्यांचं विमान आमच्या किनाऱ्यावरून यायचं, आणि त्या काळातली डाकोटा विमानं काही फार उंचावरून जात नसत. हिरवागार चौकोन, कडेला चकाकणारं तळं, समुद्र हाकेच्या अंतरावर. झालं, साहेब प्रेमात पडले. माणसं जमीन चालून बघतात, माती हातात घेऊन बघतात, शेजारी कोण हे विचारतात. पायलटला हे कमीपणाचं वाटत असावं. ताबा घेतल्यावर कळलं की ते चकाकणारं तळं म्हणजे खाजण. भरतीला खारं पाणी आत, ओहोटीला नाकाला पदर. शिवाय वाडीला वाटच नव्हती, कारण वरून येणाऱ्याला वाट लागते कुठे? आम्ही तिघा शेजाऱ्यांच्या अंगणांतून, त्यांच्या कोंबड्यांची माफी मागत घरी जायचो. ज्या माणसाने सत्तेचाळीस साली विमानात दाटीवाटीने निर्वासित भरून आणले, त्याला त्या कोंबड्या आडव्या आल्या की घाम फुटायचा.

लवकर निवृत्त व्हायचं कारण साधं होतं. पायलटला दर सहा महिन्यांनी सरकारी डॉक्टरांसमोर उभं राहावं लागे, आणि ह्यांचं ब्लड प्रेशर वर सरकायला लागलं होतं. ते हद्दीबाहेर गेलं की लायसन गेलं. कोणी उतरवण्याआधी आपण मानाने उतरावं, असं हे म्हणायचे. विचार उत्तम होता. फक्त उतरत नव्हते.

त्यासाठी आमच्या सुरूच्या झाडांखाली परिषदा भरायच्या. हे, ह्यांचे एक पारशी मित्र आणि एक पुण्याचे, तिघेही कॅप्टन. दारूबंदीचे दिवस होते. पारशी कॅप्टनकडे डॉक्टरी परमिट होतं आणि त्यांचा आजार तिघे मिळून भोगायचे. विषय एकच, सोडायचं कधी. पारशी कॅप्टन म्हणायचे, "जे दिवशी विमानमंदी चढताना मी 'हाश' बोलेल ने, ते दिवशी खलास!" पुण्याचे म्हणायचे, "एवढा पावसाळा काढू, मग बघू." आणि आमचे हे वाळूत काटकीने नकाशा काढायचे. उतरायची जागा धुक्यात गेली तर दुसरी तयार हवी, हा ह्यांच्या धंद्याचा नियम. म्हणून किहीम नाही जमलं तर नाशिकला द्राक्षं, द्राक्षं नाही जमली तर बेळगावला पोल्ट्री. भजी घेऊन गेले तेव्हा मी म्हटलं, "आधी पहिल्या ठिकाणी तर उतरा." तिघेही मनापासून हसले. मी विनोद केला नव्हता.

आमच्या वाडीवरून जाताना हे विमानाचा पंख जरासा झुकवायचे. मागे बसलेल्या उतारूंना वाटत असेल हवेचा झोत लागला. आम्ही दोघी अंगणात धावायचो, सासूबाई पदर हलवायच्या, मी हातात असेल ते. एकदा मी केरसुणी हलवली होती आणि ती ह्यांनी वरून ओळखली, असा ह्यांचा दावा आहे.

मग पुण्याच्या कॅप्टनांनी एवढा पावसाळा काही काढला नाही. ढगात डोंगर दिसला नाही म्हणे. बातमी घेऊन हे आले, जेवले नाहीत, ओट्यावर बसून राहिले. मला वाटलं, आता सोडतील. चौथ्या दिवशी लाँच पकडून कामावर गेले. मी त्या दिवशी इतकी घाबरले की रागावायचंही राहून गेलं. पुढे पंख झुकला की सासूबाई एकट्याच धावायच्या. मला पाठीमागे काहीतरी काम निघायचंच.

तपासणीच्या आधी आठवडाभर हे किहीमला येऊन अळणी जेवायचे, म्हणजे प्रेशर खाली येतं. ज्या गावात अंगणाअंगणात बोंबील वाळतात आणि पलीकडे मिठागरं पसरलेली, तिथे हा माणूस बिनमिठाची दुधी गिळायचा. घरात कालवण शिजलं तर ह्यांचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून आम्हीही दुधीच. मासळीवाली पाटी उतरवायची आणि मी नको म्हणायची. एकदा तिने मला बाजूला घेतलं.

"बाय, घरात कोन गेलाय का?"

"नाही गं, डॉक्टरची तपासणी आहे ह्यांची."

"आजारी हाय?"

"नाही. धडधाकट आहेत."

"मंग तपासतात कशाला?" तिने पाटी डोक्यावर घेतली. "धडधाकट मानसाला सुकट न्हाय, म्हावरा न्हाय. पाप लागंल तुला."

त्या वेळच्या तपासणीपूर्वी सासूबाईंनी गावदेवीला नवस बोलला, पोरगा पास होऊ दे, खणानारळाने ओटी भरीन. दुसऱ्या दिवशी मी गेले आणि त्याच देवीला म्हटलं, नापास होऊ दे, साडी नेसवीन. मला त्यात काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. सासूबाईंना गुरवीणबाईंकडून कळलंच. संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "माझ्यापेक्षा मोठा बोललीस होय?" एवढंच. रागावलेल्या वाटल्या नाहीत.

ह्यांनी जाताना सांगून ठेवलं होतं, पास झालो तर मंगळूरहून परतताना पंख झुकवीन. नाही झालो तर विमानात नसेनच.

तो दिवस उजाडला. मी मागच्या अंगणात झावळ्यांचे हीर काढत बसले होते, केरसुण्यांसाठी. लांबून घरघर ऐकू आली. सासूबाई त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांसकट धावल्या. घरघर डोक्यावर आली तशी मी सुरी आणखी जोरात ओढायला लागले. "पास!" सासूबाई ओरडल्या. "झुकवला गं, पास झाला!" देवीने त्यांचं ऐकलं. वशिला जुना, दुसरं काय. मी पाठमोरीच राहिले. घरघर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ रेंगाळली असं वाटलं, मग गेली.

दोन दिवसांनी हे आले. तिन्ही अंगणं ओलांडून, मागे बैलगाडीवाल्याच्या डोक्यावर ट्रंक. ट्रंक आणत नसत कधी. सासूबाईंच्या पाया पडले आणि म्हणाले, "सोडली."

"नापास झालास?" सासूबाई.

"नाही. इतकं छान प्रेशर पाच वर्षांत आलं नव्हतं."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. मग त्या ह्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या. त्या घरात चहा मी करायची, म्हणून मला कळलं की मुद्दाम गेल्या.

हे ओट्यावर बसले. "परवा पंख झुकवला तेव्हा आई दिसली," म्हणाले. "तू पाठमोरी होतीस. तू खूप दिवसांत हात केलेला नाहीस. म्हटलं, रागावली की आजारी आहे, एक घिरटी घालून बघावं. आणि वळवायला लागलो विमान. शेजारच्या को-पायलटने विचारलं, 'सर, कुठे?' मागे भरलेलं विमान गं. आणि मी घरी बायको काय करतेय ते बघायला निघालेलो."

मी पदराने ट्रंकेवरची धूळ पुसायला लागले.

"रागावली होतीस?"

"नाही."

"मग बघितलं का नाहीस?"

"तुमचे ते मित्र गेले ना, तेव्हापासून नाही बघत. भीती वाटते. मी बघत असताना पडलं म्हणजे?"

विमान चालवणाऱ्या माणसाला हे कधी सुचलंच नसावं असा चेहरा. मग म्हणाले, "वर्षभर भीत होतीस? आणि बोलली नाहीस कधी?"

मला एकदम रडू आलं आणि रागही तितकाच आला. ह्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, दोन कॅप्टनांना विचारलं होतं, नाशिकच्या द्राक्षवाल्याला विचारलं होतं. बेळगावच्या पोल्ट्रीवाल्याकडे तर दोनदा जाऊन आले होते.

"मला विचारलंत कधी?" मी म्हटलं.

आत कपबशांचा आवाज थांबला होता. हे उठले, माझ्याजवळ येऊन खाली जमिनीवरच बसले.

"चुकलं," म्हणाले. "आता विचारतो. राहू का?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "राहा."