गरम जेवणाचा राग

आक्काला गरम जेवणाचा राग येई. ऐकून हसू येईल, पण आधी तिचं घर समजून घ्या, मग खुशाल हसा.

आक्का जन्मापासून बहिरी. बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकलेली, लिहाय-वाचायला पक्की. राग मात्र कुणाला शिकवावा लागला नाही, तो उपजतच नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला होता. नवरा लवकर गेला. पदरात एकच मुलगी, आणि तिला ऐकू येत होतं. मायलेकींचं सगळं बोलणं हातांनी चालायचं. आता हातांनी बोलायचं म्हणजे हात नकोत का रिकामे? एका हातात चमचा धरला की बोलणं अर्धवट होतं. त्यामुळे दोघी जेवायला बसल्या, लेकीने शाळेतल्या भांडणाची गोष्ट काढली, की चमचे खाली यायचे आणि ताटातलं सगळं गार व्हायचं. रोजचंच ते. शेजारीण एकदा म्हणाली, "गारच खायचंय तर चूल पेटवता तरी कशाला?" आक्काने हातांनी जे उत्तर दिलं ते शेजारणीला समजलं नाही, हे शेजारणीचं नशीब.

आणि आता? आता लेक, जावई, सहा वर्षांची नात आणि आक्का एकत्र जेवायला बसतात आणि शेवटच्या घासापर्यंत जेवण गरम असतं. तिघं तोंडाने बोलतात, हातांनी जेवतात. मध्येच पोट धरधरून हसतात. आक्का तळहात हलवून, भुवया चढवून विचारते, काय? काय झालं? लेक फोन उचलते, अंगठ्याने काहीतरी टाइप करते आणि आक्कासमोर धरते. 'काही नाही, असंच.'

काही नाही, असंच! एवढा वेळ तिघांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणं चाललं होतं, ते कशावर, तर काही नाही! आक्काच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती ताटाकडे बघून जेवायची, आणि ते गरमागरम जेवण तिला गिळवायचं नाही.

बरं, ही बाई काही मुखदुर्बळ नव्हती. ती कामाला होती त्या मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत जाऊन बघायचं. तळघरातला लांबलचक हॉल, एका बाजूला धुण्याची मशीनं, दुसऱ्या बाजूला चादरींना इस्त्री करणारे मोठाले गरम रोलर. घरघर अशी, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. थोडक्यात, तिथं सगळेच बहिरे. फरक एवढाच, की बाकीच्या त्यात नवशिक्या आणि आक्का मुरलेली. म्हणून त्या हॉलची बोली आक्काची बोली झाली होती. नवी बाई कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिला एक खूण शिकवायचे. छातीसमोर दोन्ही हात फुलीसारखे आडवे धरायचे, म्हणजे 'मशीन बंद!' चादर अडकली, बाही ओढली गेली, काहीही होवो, ही खूण कुणीही करावी. जो बघेल त्याने आधी लाल बटण दाबायचं आणि मग विचारायचं. खूण केली म्हणून कुणाला रागवायचं नाही, असा तिथला कायदा.

त्या खुणेनंतर दुसऱ्या खुणा यायच्या, मग गप्पा, मग चहाड्या. आक्का हातांनी नकला करायला लागली की बायका चादरींत तोंड खुपसून हसायच्या. माणसांची नावंही हाताची. सुपरवायझरचं नाव म्हणजे घसरणारी पँट वर ओढणे, कारण तो दिवसभर तेच करायचा. सगळ्यांत उंच बाई होती तिला लांबोडी म्हणायचे, तिचं नाव डोक्यावर हात उंच नेऊन. लेक लहानपणी शाळेतून थेट तिथंच यायची. तिच्या गालाला खळी पडते, म्हणून तिचं नाव गालावर बोट फिरवणे. पण हे नाव असं उगाच कुणाला मिळत नसे. जो हातांनी बोलेल त्यालाच हाताचं नाव, ही आक्काची रीत. जावयाला नाव नव्हतं. त्याचं तिला काही नव्हतं, जावई तो जावई. पण नातीला नाव नव्हतं! पोटच्या पोरीची पोर, आणि आजीच्या भाषेत तिला हाक मारायला एक खूण नाही. हे आक्काला काट्यासारखं सलत होतं.

आणि नवीन काही आलं की म्हातारी नाक मुरडते, अशातली ही गोष्ट नव्हे. घरात फोन आला तेव्हा सगळ्यांत जास्त नाचली ती आक्का. शाळेतल्या मैत्रिणी फोनच्या पडद्यावर दिसायला लागल्या, हात हलवून हलवून सुखदुःखं बोलायला लागल्या. एकदा तर गॅसवरचं दूध उतू जाऊन सगळी शेगडी भरली तरी हिची गोष्ट संपेना. राग फोनचा नव्हताच. लेकीची मान खाली जायला लागली त्याचा होता. आधी लेक दुरून फोनच्या पडद्यावर हात हलवायची, मग समोर बसून मेसेज टाकायला लागली. समोर बसून! बहिऱ्या माणसाशी बोलताना डोळे खाली गेले की बोलणं तिथंच संपलं. पण ते कुणाला सांगणार? सांगायलाही समोरच्याने मान वर करायला हवी.

नात तर काच चोळतच मोठी झाली. दात यायच्या आधी तिच्या बोटाला पडदा सरकवायचं कळत होतं. दुपारी लेक-जावई कामावर, आक्काची सकाळची पाळी संपलेली, तेव्हा नात तिच्याकडे. जावई मनाने चांगला, पण उंटावरचा शहाणा. त्याने एक टॅबलेट आणला. पोर बोलली की पडद्यावर अक्षरं उमटायची, आक्काने टाइप केलं की आतली कुणीतरी बाई ते मोठ्याने वाचून दाखवायची. "आता प्रश्नच मिटला!" जावई म्हणाला. लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला.

आक्काने महिनाभर ते निमूट चालवून घेतलं. पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटेना. माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं. आणि ही पोर आजीशी बोलताना कायम टॅबलेटकडे बघायची. आक्का टाइप करायची, 'भूक लागली का?' पोर टॅबलेटकडे बघून मान हलवायची. झोपताना पोर टॅबलेटला पापी द्यायची. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती हीच.

एकदा जेवताना तिघं असे हसले, की जावयाला ठसका लागला. आक्काने विचारलं, काय? लेकीने फोन पुढे केला. 'काही नाही, असंच.' आक्काने फोन तिच्या हातातून हिसकला आणि त्याच्यावरच बसली. होय, बूड टेकवून बसली! आणि टेबलावर अशी मूठ आपटली, की वाट्या नाचल्या. हाताने सांग!

लेकीने हात वर केले. किती दिवसांनी! बोटं गंजलेली, खुणा अडखळत येत होत्या. यांनी हिला विचारलं, आजी कुठंय? ही म्हणाली, आजी... आजी चार्जिंगला लावलीय.

आक्का पोरीच्या अगदी समोर बसली होती. हातभर अंतरावर.

त्यानंतर जे भांडण झालं त्याचा आवाज झाला नाही, पण शेजारणीने भिंतीपलीकडूनही ओळखलं असतं, इतका पायांचा धडधडाट झाला. आक्काचे हात सुटले होते. लाज नाही वाटत? पोरीला आजी कोण ते माहीत नाही! डबा म्हणजे आजी! तू शिकवलं नाहीस तिला, तू! लेकीचे हात एवढ्या वेगाला पुरे पडेनात. तिने फोन ओढून घेतला आणि भराभर टाइप करायला लागली. मग तो आक्काच्या हातात कोंबला.

'मी हिच्याएवढी होते तेव्हा डॉक्टर तुझं दुखणं मला सांगायचा आणि मी तुला. बाबा गेले हे तुला मी सांगितलंय आई, या हातांनी. शाळेत बाई माझीच तक्रार करायच्या आणि तीही मीच तुला सांगायची. मी कधी पोर नव्हतेच, मी तुझा कान होते. माझ्या मुलीला मी कुणाचा कान करणार नाही.'

आक्काने ते दोनदा वाचलं. खरं होतं. खोटं असतं तर तिने फोन भिंतीवर फेकला असता. खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. तिने टाइप केलं, 'मला कान नको. मला नात हवी आहे.' आणि उठून गेली. ताटातलं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पोरीच्या शाळेला सुट्टी होती. आक्काने कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. पोरीला उचललं, टॅबलेट तिच्या काखेत दिला आणि लॉन्ड्रीत घेऊन गेली. रोलरपासून लांब, चादरींच्या घड्या घालायचं एक टेबल होतं, त्यावर बसवलं. सुपरवायझरने नुसतीच पँट वर ओढली. आक्काचं तोंड बघून बोलायची छातीच झाली नाही.

पोरीने टॅबलेटमध्ये तोंड घालून काहीतरी सांगितलं. पडदा कोरा. मग ती ओरडली. पडद्यावर दोन-चार भलतेसलते शब्द उमटले आणि पुसले गेले. त्या घरघरीत टॅबलेटला कुठून ऐकू येणार? पोरीने पहिल्यांदा मान वर केली.

समोर आजी बोलत होती. पोरीने अशी आजी कधी बघितलीच नव्हती. हात विजेसारखे चाललेत, गाल फुगलेत, डोळे फिरतायत, आणि सगळ्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडतायत. आजी टाइप करते, एवढंच तिला माहीत. पोरीने लांबोडीचा झगा ओढला आणि तोंडाने विचारलं, "काय? काय म्हणाली?"

लांबोडी आपल्या हसण्यातच होती. तिने हात झटकला. काही नाही गं, असंच.

आक्काने ते बघितलं. तिला वाटलं, लांबोडीच्या कानाखाली एक वाजवावी. पण तिची नजर पोरीवर गेली आणि पाय जागीच थांबले. पोरीची हनुवटी पुढे आली होती. नाकपुड्या फुगल्या होत्या. आक्का रोज आरशात जो चेहरा बघते तोच, फक्त दुधाच्या दातांचा. पोरीने पाय आपटला, कुणाला ऐकू गेलं नाही. भोकाड पसरलं, तेही कुणाला ऐकू गेलं नाही. आक्का मुद्दाम पुढे झाली नाही. रड म्हणाली मनात, होऊ दे राग, मी बारा महिने गिळतेय.

तेवढ्यात तिकडे एक चादर रोलरमध्ये गोळा झाली. एका बाईने छातीसमोर हात आडवे धरले, दुसरीने बटण दाबलं, रोलर थांबला. चादर सोडवली, रोलर सुरू. पोर ते टक लावून बघत होती. मग ती टेबलावर उभी राहिली, टॅबलेट पायाशी टाकला आणि आपले इवलेसे हात छातीसमोर फुलीसारखे धरले.

लांबोडीने बघितलं मात्र, लाल बटण! तिचं बघून दुसरीने दाबलं, तिसरीने दाबलं. सगळा हॉल थांबला. सुपरवायझर धावत आला. "काय झालं? कुणी केलं?" सगळ्यांनी पोरीकडे बोट दाखवलं. पोरीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तिने आजीच्या तोंडाकडे बघितलं, सरळ तोंडाकडे, आणि तळहात हलवला. काय?

आता टॅबलेटला ऐकू आलं असतं. कुणी त्याला हात लावला नाही. आक्काने मशीनं बंद ठेवून तो किस्सा पहिल्यापासून सांगितला, सावकाश, नातीच्या डोळ्यांत बघून. पँट वर ओढायची खूण आली, आणि नेमकी त्याच वेळी समोरच्या सुपरवायझरने पँट वर ओढली. पोर असं हसली, की टेबलावरून पडता पडता राहिली. "मला कळेल का, काय चाललंय?" सुपरवायझर ओरडला. लांबोडी म्हणाली, "काही नाही साहेब, असंच."

म्हणून आक्काचा राग उतरला असं समजू नका. ती घरी आली ती तशीच धुमसत. संध्याकाळी ताटं वाढली, वाफा निघत होत्या. पोरीने दिवसभराचं काहीतरी सांगितलं, लेक आणि जावई हसायला लागले. आक्काने तळहात हलवला. लेकीचा हात सवयीने फोनकडे गेला.

पोरीने छातीसमोर हात आडवे धरले.

लेकीचं सगळं लहानपण त्या हॉलमध्ये गेलेलं. तिचा हात फोनवर पोचायच्या आधीच थांबला. जावई जेवतच राहिला. लेकीने पोरीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि हात वर केले. आज... लॉन्ड्रीत... एवढं सांगून ती अडली. पोरीचं नाव घ्यायचं होतं आणि नावच नव्हतं. ती हवेत अक्षरं गिरवायला लागली.

आक्काने मान हलवली. असं नाही. तिने दोन्ही मनगटं हनुवटीखाली फुलीसारखी धरली, लहानशी फुली, आणि पोरीकडे बोट केलं. हे हिचं नाव. मग बाकीच्या खुणांसाठी लेक तिच्याकडे बघायला लागली, पण आक्का मदतीला गेली नाही. सांग म्हणाली. आठव आणि सांग, पहिल्यापासून.

लेकीने डोळे पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. जावई घास घेत म्हणाला, "अगं, पण चाललंय काय?"

"बाबा," पोर म्हणाली, "आधी चमचा खाली ठेव."

त्या दिवशी सगळ्यांचं जेवण गार झालं.